धोकादायक असल्याचा दाखला

बन्सीचा उजवा डोळा बैलानं काढला, असं सरकारी कागदावर लिहिलेलं आहे. कागद धादांत खोटा आहे. पण त्यावर पोलीस पाटलाचा शिक्का आहे, दोन पंचांच्या सह्या आहेत आणि गोजरबाईच्या डाव्या हाताचा अंगठा आहे, त्यामुळं तो खरा धरायचा. सरकारदरबारी माणूस खोटा पडतो, कागद पडत नाही.

खरं काय घडलं ते घरच्या माणसांनाच ठाऊक होतं. बन्सी हा गोजरबाईचा धाकटा दीर, बिनलग्नाचा, थोरल्या भावाच्या घरात राबणारा. त्या दिवशी तो आणि गोजरबाईची धाकटी लेक विजयमाला, घरात जिला सगळे माला म्हणत, कांद्यात खुरपत होते. माला बारा वर्षांची होती. दोन दिवस ती धड जेवली नव्हती, झोपली नव्हती आणि जवळ कुणी नसताना कुणाला तरी "व्हय, व्हय" म्हणत होती. बन्सीनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला. म्हणाला, "घे माले, दोन घोट घे." मालानं हातातलं खुरपं त्याच्या तोंडावर हाणलं. पहिला घाव डोळ्यात गेला, दुसरा खांद्यात. तिसरा मानेवरच बसायचा, पण गोजरबाई बांधावरून धावत आली आणि लेकीच्या अंगावर पडली. दोघी मायलेकी वाफ्यात लोळल्या. माला चावत होती, लाथा झाडत होती आणि ओरडत होती, "काकाच्या डोळ्यात ती बसलीया! तिला काढू दे मला!" मग एकाएकी तिचं अंग ढिलं पडलं. तिनं बन्सीकडं पाहिलं आणि हमसून हमसून रडायला लागली.

थोरली लेक छबू, तिच्या लग्नाला तेव्हा नऊ दिवस उरले होते. राहात्याचं चांगलं घर मिळालं होतं, आणि होणारे सासरे नेमके त्याच दिवशी शेवटची बोलणी करायला येऊन ओसरीवर चहा पीत बसले होते. घरात एक वेडं निघालं की सोयरे सात पिढ्या उकरतात, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. डोळ्यावर धोतराचा बोळा दाबून, रक्तानं न्हालेला बन्सी स्वतःच म्हणाला, "वैनी, हौशानं मारलं म्हना. पोरीचं नाव काढू नगा."

हौशा हा त्यांचा बैल. इतका गरीब की गावची पोरं त्याच्या शेपटीला लोंबकळायची. गोजरबाईचा नवरा कारभारी, त्यानं बन्सीच्या रक्तात हात बुडवला आणि तो हौशाच्या शिंगाला पुसला. पाटील आला, पंचनामा झाला. दुसरे पंच म्हणून छबूच्या सासऱ्यांनीच सही केली, परगावचा प्रतिष्ठित माणूस म्हणून. माला तेवढी पाटलासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी मारलं काकाला. खुरप्यानं." पाटील म्हणाला, "पोर भेदरलीया, आत न्या तिला." पुढच्या आठवड्यात हौशा शेवगावच्या बाजारात गेला. त्या साली चारा कुणाकडंच नव्हता, तेव्हा मारका बैल कोण घेतो आणि कशासाठी घेतो, ते सांगायला नको. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

त्यानंतरच्या वर्षभरात गोजरबाई खोटं बोलण्यात चांगलीच तरबेज झाली. दंडावर चावा दिसला की कुत्रं चावलं. पुढचा दात पडला तो नदीवर धुणं धुताना घसरून. कपाळाला खोक पडली ती गोठ्याचं आढं लागून. गावाला वाटायचं, ह्या बाईच्या नशिबात अपघातच फार. दुखणं नसायचं तेव्हा माला गुणाची पोर होती. भाकरी थापायची, शेळ्या वळायची, पंधरापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणायची. आणि एखाद्या दिवशी पुन्हा मान तिरकी करून ऐकायला लागायची. मग घरातल्या विळ्या, खुरपी, पाटावरवंटा सगळं लपवायचं.

कारभारी वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्याच्या हातात काठी आली की ती फार जोरात बसते. कुणी तरी त्याला डोंगरापलीकडच्या एका बाबाचं नाव सांगितलं. अंगातलं उतरवतो म्हणे. कारभारी मालाला तीन अवसांना तिथं घेऊन गेला. पहिल्या दोन वेळा बायकांना मनाई म्हणून गोजरबाई घरीच राहिली. पोर परत आली तेव्हा तिचे तळवे सोललेले होते आणि पोटावर विळ्याच्या पात्याएवढे डाग होते. तिसऱ्या वेळी गोजरबाई कुणाचं न ऐकता मागोमाग गेली आणि तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं. बाबाच्या एका चेल्यानं मालाची वेणी मुठीभोवती दोन वेढे देऊन गुंडाळली, तिचं तोंड मातीत दाबलं आणि पाठीत गुडघा रोवला. दुसऱ्यानं विस्तवातलं लोखंड उचललं. "नाव सांग," बाबा म्हणाला. त्याला भुताचं नाव हवं होतं. माला मातीत तोंड ठेवून म्हणाली, "विजयमाला कारभारी." लोखंड टेकलं. "नाव सांग!" पोर किंचाळली, "विजयमाला कारभारी! विजयमाला कारभारी!" खरं नाव सांगत होती ती, आणि प्रत्येक वेळी खऱ्या नावाला डाग मिळत होता. गोजरबाई आत घुसली तेव्हा चौघांनी तिला उचलून बाहेर फेकलं.

तेव्हापासून मालाच्या केसाला हात लावायची सोय राहिली नाही. नुसतं कुणी मागून गेलं तरी ती झेप घ्यायची. केसांच्या जटा झाल्या, उवा पडल्या. एकदा दुपारी ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. डोळे न उघडताच तिनं विचारलं, "आई, तू न्हाई ना धरनार माझे केस?"

"न्हाई गं माझ्या वासरा."

"शप्पत?"

"तुझ्या गळ्याची शप्पत."

तिसऱ्या अवसेला परत निघताना गोजरबाईनं आणखी एक पाहिलं होतं. बाबाच्या ठाण्यामागच्या कडुलिंबाला साखळ्या होत्या, आणि एका साखळीतून गोरक्षनाथ नावाचं सोळा-सतरा वर्षांचं पोर मेलेलं काढत होते. घोट्याचं मांस साखळीवर चढलं होतं, कडी दिसतच नव्हती. त्याचा बाप म्हणत होता, साखळीसकट सरणावर कसा ठेवू? मग लोहाराला बोलवायला माणूस गेला. लोहार कानस घेऊन आला आणि मेलेल्या पोराच्या पायाशी बसून कड्या कापू लागला. तो आवाज गोजरबाईच्या कानातून गेला नाही.

म्हणून कारभारी जेव्हा म्हणाला, "येत्या अवसेला तिला तिथंच ठिवायची. बाबा म्हनला, वरीसभर साखळीला ऱ्हायली की उतरंल," तेव्हा गोजरबाईनं खडी फोडायची हातोडी उचलली आणि दारात उभी राहिली.

"तिला तिकडं न्यायची तर पयला माझा मुडदा पाडा."

"सर बाजूला."

"न्हाई सरत."

कारभारी पुढं आला. तिनं हातोडी फिरवली. ती चौकटीत बसली आणि लाकडाचा ढलपा उडाला. चार बोटं अलीकडं असती तर नवऱ्याचं डोकं फुटलं असतं, आणि खरं सांगायचं तर तिनं नेम डोक्यावरच धरला होता. कारभारीनं कासरा काढला. त्यानं तिला पाठीवर, मांड्यांवर, हातांवर इतकं मारलं की शेवटी त्यालाच धाप लागली, आणि तो कासरा टाकून उंबऱ्यावर बसून रडायला लागला. "मी तरी काय करू? आज बन्सीचा डोळा गेला. उद्या कुनाचा जीव गेला तर? तुझाच गेला तर?"

"मला अवसपतोर येळ द्या," गोजरबाई म्हणाली. तोंडातून रक्त येत होतं. "तवर काय झालं न्हाई, तर मीच तिला घिऊन जाते तिथं."

अवस अकरा दिवसांवर होती.

दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या खडीवर, तिच्या शेजारी झुंबरबाई नावाची बाई बसायची. गोजरबाईच्या पाठीचे वळ पाहून तिनं विचारलं आणि गोजरबाईनं वर्षात पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगितलं. झुंबरबाईनं हातोडी खाली ठेवली. "माझा भाऊ दोन वरसं हुता की सरकारी इस्पितळात. पुन्याकडं. येड्यांचंच हाय. तिथं डागत न्हाईत बाई, गोळ्या देत्यात. आता नांगर धरतोय त्यो." मग म्हणाली, "पर तिथं सरळ जाऊन भागत न्हाई. कोरटाचा हुकूम लागतो."

दुसऱ्या दिवशी गोजरबाई बन्सीला घेऊन तालुक्याला गेली. कोर्टात नृसिंहराव नावाचे कारकून होते, पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवर जगलेल्या घरातले. मोठे नियमाचे, पण माणूस दगड नव्हता. त्यांनी तिला बाकावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला.

"हे बघा बाई, दोन वाटा आहेत. तुम्ही अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मग चौकशी, मग इस्पितळात जागा आहे का म्हणून पत्र. दोन महिनेही लागतील, सहाही लागतील."

"आन् दुसरी?"

"दुसरी पोलिसांची. वेडा माणूस धोकादायक असेल तर पोलीस त्याला थेट मॅजिस्ट्रेटसमोर आणू शकतात. डॉक्टरनं तसा दाखला दिला की त्याच दिवशी हुकूम, आणि पोलीसच नेऊन पोचवतात. पण डॉक्टरच्या दाखल्यात 'धोकादायक' हा शब्द पाहिजे. नुसतं 'वेडी' चालणार नाही."

"धोकादायक हायच की ती!" गोजरबाई म्हणाली, आणि आईच्या तोंडून असं वाक्य एवढ्या आनंदानं कधी कुणी ऐकलं नसेल.

मग तिनं बन्सीला सोबत घेऊन पोरीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, सरळ होता. त्यानं मालाला नाव विचारलं, तिनं सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. तेराचा पाढा विचारला, तिनं न अडखळता म्हटला. नेमकं नको तेच झालं. वर्षभर जी पोर घर डोक्यावर घेत होती ती त्या दिवशी शहाण्यासारखी पाय जुळवून बसली. डॉक्टरनं तिचे डाग पाहिले आणि त्याचा चेहरा काळवंडला. तो म्हणाला, "मुलगी आजारी आहे, हे मला दिसतंय. तिला आवाज ऐकू येतात. पण धोकादायक? हिनं कुणाला इजा केल्याची पोलिसांत काही नोंद आहे का?"

नोंद होती. पोलीस ठाण्यात हवालदारानं दप्तर काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि वाचून दाखवलं. बैलानं शिंग मारल्यानं उजवा डोळा निकामी. घरच्यांचा जबाब, अंगठा.

"त्यो कागद खोटा हाय," गोजरबाई म्हणाली.

हवालदारानं दप्तर मिटलं. "बाई, नीट विचार करून बोल. खोटा असंल तर तो खोटा लिहून कुनी दिला? तू. दोन पंचांना पुन्हा बोलवावं लागंल. त्यातला एक राहात्याचा दिसतोय. त्यालाबी विचारावं लागंल, बाबा, तू कशावर सही केलीस?"

गोजरबाईला राहात्याची छबू आठवली. छबूला सातवा महिना चालू होता. सासऱ्याच्या दारात पोलीस, आणि वर हे कळणार की सून वेड्याच्या घरातली, लग्नाआधी नऊ दिवस आपल्याकडून खोट्या कागदावर सही करून घेतली. ते घर छबूला पोटातल्या लेकरासकट रस्त्यावर आणून उभं करणार, आणि त्यांना नावं ठेवायला कुणाला जागा राहणार नव्हती. जे खोटं एका लेकीच्या संसारासाठी सांगितलं, तेच दुसरीच्या वाटेत दगड होऊन पडलं होतं. पाप केलं की ते कुठं ना कुठं फेडावं लागतं म्हणतात. पण ते धाकटीनं का फेडायचं, हे गोजरबाईला कुणी सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर बन्सी म्हणाला, "वैनी, मी सांगतो खरं. डोळा माझा गेलाय. माझं ऐकतील."

"आन् छबू?"

 बन्सी हळूच म्हणाला, "मंग काय करायचं?"

गोजरबाई त्याला घेऊन घरी परतली. ती रोज पोरीकडं बघत राहायची, की आज हिला झटका येईल, उद्या येईल, आणि आला की तशीच उचलून तालुक्याला नेऊ. वर्षभर ज्या झटक्याला भ्यायची तो यावा म्हणून आता देवाला हात जोडत होती. देवानंही काय करावं? एकदा आला, तर भल्या पहाटे. मालानं बापाच्या डोक्यात तांब्या घातला, आईचा कान फाडला, आणि एसटी येईपर्यंत अंगण झाडून मोकळी झाली. कारभारी डोक्याला फडकं बांधून म्हणाला, "परवा अवस हाय."

अवसेच्या आदल्या दिवशी गोजरबाईनं मालाला अंघोळ घातली, धुतलेला परकर नेसवला आणि बन्सीला घेऊन पहिली एसटी गाठली. माला खिडकीशी बसून रस्त्याकडचे दगड मोजत होती. तालुक्याच्या स्टँडवर बन्सीनं तिला गोडीशेव घेऊन दिली. तिनं पुडी उघडली, पहिला तुकडा आईच्या तोंडात घातला, दुसरा काकाच्या आणि मग स्वतः खाऊ लागली. गोजरबाई तो गालात धरून बसली.

डॉक्टरनं त्यांना पाहिलं आणि उसासा टाकला. "बाई, मी त्या दिवशीच सांगितलं."

"साहेब, उद्या हिला साखळीला बांधत्यात."

"मी पोलिसांना सांगतो त्या बाबाचं."

"पोलीस उद्या जातील. त्यो परवा दुसऱ्या डोंगरावर बसंल. आन् हिचा बाप तिथंबी नील."

 डॉक्टरला ते खरं वाटलं असावं. गोजरबाई एक पाऊल पुढं आली. "तुमी तुमच्या डोळ्यांनी बघितलं, तर लिव्हाल?"

"पाहिलं तर लिहावंच लागेल. न पाहता लिहिणार नाही." असं म्हणून तो कपाटातून कागद काढायला वळला. नुसता 'वेडी' असा दाखला तरी द्यावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

माला स्टुलावर बसली होती. मांडीवर शेवेची पुडी होती. गोजरबाई तिच्या मागं उभी होती. दारात बन्सी होता, व्हरांड्यात दवाखान्याच्या पहाऱ्यावर आलेला हवालदार तंबाखू मळत होता. जटांची ती वेणी गोजरबाईच्या समोर वीतभर अंतरावर लोंबत होती. तिचा हात उठेना.  आपण हिच्या गळ्याची शपथ घेतलीय, हे तिला आठवलं, आणि शपथ मोडली की ज्याची घेतली तो मरतो, हेही आठवलं. मग लोहाराची कानस आठवली. नाही मोडली तरी मरतेच आहे, असं ती मनाशी म्हणाली. तिनं वेणी धरली, त्या चेल्यानं दिले होते तसे मुठीला दोन वेढे दिले आणि खसकन खाली ओढली.

मालाची किंकाळी माणसाच्या गळ्यातून आल्यासारखी वाटली नाही. स्टूल उलटलं. ती गर्रकन फिरली आणि तिनं समोर आलेला हात तोंडात धरला. गोजरबाईच्या करंगळीचं हाड मोडल्याचा आवाज डॉक्टरनं ऐकला. तो धावत आला तर मालानं मेजावरचा ट्रे उचलून त्याच्या तोंडावर घातला. काचेच्या सिरिंजा, बाटल्या फुटल्या, त्याची हनुवटी फाटली. कंपाउंडर मागून धरायला गेला तर त्याच्या पोटात लाथ बसली. मालानं फुटलेल्या बाटलीचा गळा उचलला. तिच्याच तळहातातून रक्ताची धार लागली होती आणि तिला ते कळतही नव्हतं. "सोडा! सोडा मला! विजयमाला कारभारी! विजयमाला कारभारी!" ती ओरडत होती आणि हवेत काच फिरवत होती. हवालदार आत आला. त्यानं काठीचे दोन तडाखे तिच्या मनगटावर आणि पाठीत हाणले.

"मारू नगा! मारू नगा तिला!" गोजरबाई मध्ये पडली आणि तिसरा तडाखा तिनं खांद्यावर घेतला.

तिघांनी मिळून पोरीला खाली पाडलं. हवालदारानं पट्टीच्या कापडानं तिचे हात मागं बांधले, पाय बांधले आणि तिच्या पाठीवर हात दाबून बसला. खोलीभर काचा, रक्त आणि गोडीशेव सांडली होती.

डॉक्टर मेजाशी बसला. हनुवटीला कापूस लावून त्यानं दाखल्याचा कागद पुढं ओढला.  "धोकादायक," तो स्वतःशीच म्हणाला आणि लिहिलं. गोजरबाई भिंतीला टेकून बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण शब्द पडला हे तिला कळलं. झालं, ती मनात म्हणाली. पोर वाचली. तिला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं.

डॉक्टरनं मान वर केली. "एक विचारायचं राहिलं. कशानं बिथरली ही? मी पाठमोरा होतो. कुणी काही केलं का तिला?"

"म्हंजी?"

"म्हणजे कुणी मारलं, डिवचलं. डिवचल्यावर कुणीही चवताळतं, बाई. तसं असेल तर हा दाखला मला असा देता येणार नाही."

गोजरबाईनं मोडलेलं बोट पदरात गुंडाळलं होतं. त्याच मुठीत लेकीचे उपटलेले केस होते. तिनं मूठ आणखी आवळली. "न्हाई साहेब. कुनी काय केलं न्हाई. आपसूक बिथरली."

फरशीवर गाल टेकून पडलेली माला आता ओरडत नव्हती. झटका ओसरला होता. ती अगदी साध्या आवाजात, नाव-गाव सांगावं तशी म्हणाली, "आईनं माझे केस धरले."

 डॉक्टरचं पेन थांबलं. त्यानं पोरीकडं पाहिलं आणि मग आईकडं. दारात बन्सीनं मान खाली घातली. त्यानं सगळं पाहिलं होतं.

"काय म्हणते ती?" डॉक्टरनं विचारलं.

गोजरबाईला वाटलं, आत्ता ह्या फुटक्या काचेनं आपली जीभ कापून टाकावी. झटक्यानंतर लगेच लेकीच्या तोंडून निघालेलं एवढं स्पष्ट, एवढं शहाणं वाक्य तिनं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. कुठल्याही आईनं ते ऐकून देवापुढं साखर ठेवली असती.

"भास व्हत्यात तिला, साहेब," ती म्हणाली. "जे झालं न्हाई ते दिसतं."

 डॉक्टरनं कागदावर आणखी एक ओळ लिहिली. "असं नसलेलं सांगायची सवय तिला कधीपासून आहे?"

मालानं फरशीवरून मान उचलली. ती आईकडं बघत होती, आई काय सांगते त्याची वाट बघत होती.

"पयल्यापास्नं," गोजरबाई म्हणाली.